बारदान

सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या पट्ट्या लिहिते मी:
पोत्याचं वजन, वजा बारदान.

स्वतःचाही हिशोब तसाच.
कुणी 'अक्षर सुरेख' म्हणालं
तर वजा नशीब, वजा बाईंची छडी,
वजा 'त्यात काय एवढं'.
उरायचं ते चिमूटभर,
तेही ओढणीआड.

परवा एका पट्टीत
बारदान दोनदा कापलं.
तोलार भूपालअण्णा
चष्मा कपाळावर सारत म्हणाले,
"एकदाच वजा करायचं असतंय, पोरी.
आत माल हाय न्हवं?"

पट्टी खोडून पुन्हा लिहिली.
नळावर हात धुतले,
नखांतली हळद काही निघेना.
राहू दिली.

मिरजेच्या बसमध्ये
शेजारची म्हणाली, जरा सरका.
सरकले.
नेहमीइतकी नाही.