दान

काउंटी कचेरीच्या तळघरात, हीटर खोकत असताना,
एलोइसा आर्चुलेटाने फासे हातात घेतले.
दहा बाजूंचे, हिरवे, खेळण्यांच्या दुकानातून आणलेले,
पावतीसकट.
पहिलं दान सात. दुसरं शून्य. मग पुन्हा सात.
वीस आकडे फळ्यावर चढले
आणि संगणकाने त्यांतून वाट काढत सांगितलं:
पेटी चौदा, गठ्ठा तीन, वरून एकसष्टावा कागद.

मोजणी तर मंगळवारीच झाली होती.
नवं यंत्र, फ्रीजएवढं, कागद असे गिळत होतं
की बटाट्याच्या चाळणीवर जन्म काढलेल्या डेलफिनोनेही
टोपी काढून डोकं खाजवलं.
पण यंत्राचा शब्द यंत्रानेच खरा म्हणायचा
हे कोलोरॅडोच्या या खोऱ्यात चालत नाही;
इथे पाटाचं पाणीसुद्धा
दोघांनी काठी बुडवून मोजायचं असतं.

म्हणून हे दोघं. एकीने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं.
दोन पक्षांचे, एकाच थर्मासातली कॉफी पिणारे.

सील तोडलं. एलोइसाने अंगठा ओला करून
एकसष्ट मोजले, परत एकसष्ट मोजले,
कागद बाहेर ओढला.

कोपऱ्यात कपाचा तपकिरी वळ, अर्धाच.
शाळेच्या छपरासाठीचा कर:
'हो'चं वर्तुळ अर्धं काळं, त्यावर काट,
मग 'नाही', पेन इतकं दाबून
की मागून हात फिरवला तरी कळावं.
नाव नाही, गाव नाही. पेटीत पडलेला कागद कोणाचाच नसतो.
तिने मागून हात फिरवला.

स्वयंपाकघरातली ती रात्र. बिलांची चळत,
उजव्या हाताला कप.
आणि त्याच्या आधीचा रविवार: चर्चच्या पायरीवर
डेलफिनो पत्रकं वाटत होता, गळक्या वर्गाचे फोटो
(त्याची नात तिसरीत, बादलीशेजारी बसते)
आणि ती म्हणाली होती, अरे, माझं 'हो'च धर.

"वाच की." त्याने पेन्सिलीला टोक काढून ठेवलेलं.
"प्रश्न सहा-ब," ती घसा खाकरत म्हणाली.
"नाही."
"नाही," त्याने लिहिलं. मग चष्म्यावरून वाकून पाहिलं,
खाडाखोड दिसली.
"बिचाऱ्याचा पाय निघत नव्हता गं," तो म्हणाला,
"बघ, आधी हो म्हणून गेलाय."

यंत्रानेही तेच वाचलं होतं.
पडद्यावर त्याच कागदाचं चित्र, वळासकट.
जुळलं. बरोबरची खूण.
छप्पर एकशे बारा मतांनी पडलं होतं,
एका कागदाने काय होणार होतं,
असं तिने मनात एकदा मोजलं,
परत एकदा मोजलं.

पुढची पेटी दोन. ती आणेपर्यंत
डेलफिनो गुडघ्यांवर बसून हीटरखाली हात घालत होता,
एक फासा मघाशीच घरंगळला होता तिकडे.
"पाच आहे!" तो खालून ओरडला. "धरायचं का हे दान?"

"दान पडून गेलं," ती म्हणाली.
"उचल आता. धूळ आहे तिथे."