सतरावा क्रमांक

त्या गावाचं नाव सांगता येणार नाही,
कंपनीच्या करारात तसं कलम आहे.
एवढंच सांगते : तिथं एक नदी आहे, विटांचे बंद पडलेले कारखाने आहेत
आणि दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळणारा एक क्लब.
मी मालाडला, जुन्या डम्पिंगवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत
त्या गावाची गॅसची बिलं सांभाळते.
फोनवर माझं नाव हेलन.
चारकोपला हर्षला.

ट्रेनिंगमध्ये फुटबॉल नव्हता.
सॉरी किती तऱ्हांनी म्हणतात ते होतं,
आणि पावसाबद्दल काय बोलावं.
पण सोमवारचा पहिला कॉल घेतला की
आवाजावरूनच शनिवार कळायला लागला.
हरले असतील तर मीटरचं रीडिंग चुकलेलं असायचं.
जिंकले की तेच रीडिंग बरोबर.
बरोबरी झाली की माणसं नुसतीच बोलत राहायची,
मुद्द्यावर यायची नाहीत.

मग मी निकाल आधीच बघून ठेवू लागले,
आई कुणाच्या घरी भेटायला जाण्याआधी
कोण, कशानं, वय किती
एवढं विचारून घेते तसं.

शेहेचाळीस सामने.
एवढ्या काळात आमच्या बिल्डिंगमध्ये दोन लग्नं जमली, एक मोडलं,
लिफ्ट तीनदा बंद पडली.

ऑक्टोबर संपताना त्यांची घड्याळं तासभर मागे गेली.
साडेसातचा सामना साडेआठला आला,
थेट आमच्या जेवणात.
मी बघायची ते मोबाइलवरचे नुसते आकडे.
शून्य-शून्य.
वरण वाढून होईपर्यंत शून्य-शून्य.
भात घेतला आणि शून्य-एक.
बाबा ताटावरून मान वर न करता विचारायचे,
"काय म्हणतंय तुझं गाव?"

मिस्टर ॲक्रॉइड, वय ब्याऐंशी,
बिलात काही चूक नसताना पंधरवड्याला फोन करायचे.
डावा बॅक पळत नाही. गोली क्रॉसला बाहेर येत नाही.
घरातलं हीटिंग दिवसा बंद ठेवतात,
सीझन तिकिटाचे पैसे निघायला हवेत.
"वर जाऊच नये, हेलन," म्हणाले एकदा,
"वरच्या लीगमध्ये दर शनिवारी चार गोल खायचे, वर हसून दाखवायचं."

ते 'वुई' म्हणायचे.
इंग्रजीत आम्ही आणि आपण एकच.
मी मनात 'आम्ही' धरून चालले होते.
आम्ही हरलो. आम्ही पुन्हा हरलो.
जानेवारीत सलग सहा हरलो,
आणि त्यातला नेमका कुठला पराभव 'आपला' झाला
ते मला आठवत नाही.
मंगळवार होता बहुतेक. आपल्याकडे रात्रीचा सव्वा वाजलेला,
कँटीनमध्ये भुर्जी थंड होत होती
आणि मी उभी होते.

टीम लीडर क्लेटस म्हणाला,
"नऊ मिनिटं चाळीस सेकंद? बाकी शून्य असलेल्या खात्यावर?"

मार्चमध्ये थोडं सावरलं.
एप्रिलमध्ये सावरलेलं गेलं.
मेच्या पहिल्या शनिवारी शेवटचा सामना एक-एक.
सतरावे. वर नाही, खाली नाही.
त्याच आठवड्यात माझं अप्रेझल आलं : अपेक्षेप्रमाणे.
चार टक्के.

"म्हणजे पुढच्या वर्षी पण तिथंच?" बाबांनी विचारलं.
एकतीस वर्षं बेस्टच्या डेपोत एकाच टेबलावर बसलेला माणूस.
"तिथंच."
"मग बरंय की," म्हणाले,
आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

सोमवारी ॲक्रॉइड लाइनवर.
बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मग, "वाचलो पोरी."
"वाचलो," मी म्हणाले. मराठीत.
त्यांनी विचारलं नाही काय ते.
ऑगस्टचं वेळापत्रक जूनमध्ये लागतं म्हणाले, मग करतो फोन.

कॉल बंद केल्यावर कारण भरावं लागतं.
यादी उघडली : बिल, गळती, घर बदललं, मृत्यू, इतर.
इतर.
पुढचा कॉल वाजत होता.