प्रश्न क्रमांक अकरा

उबोनच्या रस्त्यापासून आत, सागाच्या विरळ सावलीत
वीप्के पाय दुमडून बसायची धडपड करते.
तिच्या मांडीवर एकोणचाळीस प्रश्न,
ग्रोनिंगेनच्या दवाखान्यात तावूनसुलाखून निघालेले.
समोर मेची बुनलियांग, वय एकाहत्तर,
त्यातली एक्केचाळीस वर्षं पांढऱ्या वस्त्रांत,
गुडघ्याला बाम चोळतायत. डबी संपत आलीय.
मध्ये मी. मला तासावर पैसे मिळतात
या काठचे शब्द त्या काठाला लावायचे.

'लक्ष नसतानाही मी चालत राहते.
कधीच नाही : एक. नेहमी : पाच.'

लक्ष नसण्याला आमच्याकडे म्हणतात मन तरंगणं.
तसंच विचारलं.
मेची हसल्या. 'पाच.'

वीप्केची पेन्सिल थबकली.
पुन्हा विचार, म्हणाली, कळलं नसेल त्यांना.

'पहाटे विहिरीपासून चुलीपर्यंत सत्तावीस पावलं.
नऊदा सुटलं.
एकदा धाकटीच्या जमिनीच्या भांडणात शिरलं,
एकदा कालच्या आंबवलेल्या माशात.
बाकीचं सांगत नाही. लिही, पाच.'

आणि काल, याच ओट्यावर,
आठ आठवड्यांचा वर्ग करून आलेला तो पोरगा,
गळ्यात हेडफोन,
त्यानं बेधडक खूण केली होती : एक.

आता बेरीज कोणाच्या बाजूनं?

सती हा आमच्या घरातला शब्द.
किल्ली हरवली की आई ओरडायची, सती कुठंय तुझी?
वेड लागलेल्या माणसाची सती गेली म्हणतात.
मठातले थोरले भन्ते म्हणतात, पालीत ती म्हणजे आठवण.
वीप्केच्या कागदावर : याच क्षणी असणं.
नाव एकच, अन् माझी होडी
केव्हाची एका बाजूला कललेली.

वीप्के मूर्ख नाही, हे सांगायला हवं.
येताना जीपमध्ये तिनं एका पोस्टमनबद्दल सांगितलं,
तिसऱ्यांदा त्याच काळ्या खड्ड्यात पडलेला.
वर्गानंतर त्याला दुःख जिन्यावरच ऐकू यायला लागलं,
पहिल्या पायरीवर असतानाच.
आजारपण टळलं. निदान त्या वर्षी.

हे मी मेचींना सांगितलं.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग,
'अजून पत्रं वाटतो का तो?'
हो, म्हणाली वीप्के.
'मग त्याला विचार, माझ्या वतीनं,
दोन घरांच्या मध्ये
त्याचं किती वेळा सुटतं.'

वीप्केनं पाचवर गोल काढला.
गोलाशेजारी, जिथं काही लिहायचं नसतं
तिथं, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.
मी वाचलं नाही. त्याचे पैसे नव्हते.

संध्याकाळी स्कूटरवरून परतताना
या सगळ्याची जुळणी करत राहिले,
आणि माझी गल्ली
तीन खांब मागं राहून गेली.

वळले.
कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान उघडं होतं अजून.
बाम घ्यायचा होता.