तीन हजार एकशे पन्नास

तबकडीवर एकच सूर, तोही बिनगाण्याचा:
सेकंदाला तीन हजार एकशे पन्नास कंपनं.
वेंगुर्ल्याच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
लाँचींची इंजिनं खोलणारा इनास कार्दोज आणि मी
लॅपटॉपवर त्या सुराची रेघ बघत बसलो.

सरळ यायला हवी होती.
आली ती नांगरलेल्या होडीसारखी,
दर फेऱ्याला एकदा वर, एकदा खाली.

पट्टा बदलला, खाऱ्या हवेनं सैलावलेला.
आसाला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब.
मोटारीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
कारखान्याचा कॉम्प्रेसर बंद होईतो रात्री जागलो.
रेघ डुलतच राहिली.

मग इनासनं खडूनं दोन खुणा केल्या,
एक तबकडीवर, एक खालच्या थाळीवर,
आणि तबकडी अर्धा फेरा वळवून ठेवली.
खूण सुईशी आली की मी कळ दाबायचो.
उंचवटा थाळीला सोडून
तबकडीच्या खुणेमागे गेला.

"भोकच मधी नाय रे," तो म्हणाला,
"यंत्र बिचारा सरळ असा."
म्हणजे तीन आठवडे आम्ही
वाकड्या पट्टीनं भिंत तासत होतो.

गोल कानशीनं भोक केसभर वाढवलं,
तबकडी नखानं सरकवत,
सरकवत,
रेघ निवली. पूर्ण नाही.
उरलं तेवढं इनासनं डिझेलच्या वहीत लिहिलं,
पुढे तारीख, आणि "चलात".

बाहेर दीपगृहाचा झोत पाण्यावरून गेला.
मी मनात आकडे मोजू लागलो.
परत आला तेव्हा
मोजायचं राहून गेलं होतं.