दोन क्रेटांची बरणी

भाड्याला पैसे नव्हते, म्हणून मल्लाप्पानं
दोन क्रेट टोमॅटोच टेम्पोत ठेवून दिले.
यांनी ते रात्री अकराला जिन्याखाली उतरवले
आणि पाय न धुताच झोपले.

संकेश्वरात त्या आठवड्यात
फुकट म्हटलं तरी लोक पिशवी मागं घेत होते.
मी शेजारी वाटले.
शेजाऱ्यांनी मलाच वाटले.

मग विळी घेतली.
उभा चिरायचा, देठाचा डोळा काढायचा,
बिया अंगठ्यानं खरवडायच्या, पण सगळ्या नाही,
चव बसायला थोडी जागा ओली लागते.
मीठ चिमटीनं, हात उंच धरून.

अर्ध्या गच्चीवर गंगव्वाच्या मिरच्या होत्या,
दरवर्षी असतात.
उरलेल्या अर्ध्यात माझी ताटं.
मुंग्यांना आडवी हळदीची रेघ,
वर यांच्या धोतराचं विरलेलं पान,
चार कोपऱ्यांना वाण्याकडची जुनी मापं.

दव पडायच्या आत सगळं खाली,
ऊन चढलं की परत वर.
एकवीस पायऱ्या. गुडघा न चुकता मोजायचा.
तिसऱ्या दिवशी कडा वळल्या, कानाच्या पाळीसारख्या.
वास बदलला. माश्या कंटाळून
खालच्या गुऱ्हाळवाल्याकडं गेल्या.

गंगव्वा मिरच्या परतता परतता थांबली.
"एन माडाकत्ती?"
उत्तराची वाट न बघता एक फोड तोंडात टाकली,
डोळे मिटले. "हुळि," म्हणाली.
आंबट, एवढंच म्हणायचं होतं तिला.
माझी जीभ मात्र नुसत्या शब्दानंच हुळहुळली.

आठव्या दिवशी एक तुकडा वाकवून बघितला.
वाकला, मोडला नाही,
बोटाला चिकटलाही नाही.
दोन क्रेट मिळून लोणच्याची एक बरणी,
तीही गळ्यापर्यंत नाही.
यांनी विहिरीत बघावं तसं आत बघितलं.
"बेळगावच्या खेपेचं भाडं हे?"
मी झाकणाला फडकं बांधलं.

श्रावणात टोमॅटो शंभरावर गेला.
चार तुकडे कोमट पाण्यात भिजत घातले,
ते पाणी ओतून न देता त्यातच तूर शिजवली.
आणखी मूठभर खलबत्त्यात,
भाजलेले शेंगदाणे, लसूण,
गंगव्वाच्या दोन मिरच्या, न विचारता घेतलेल्या.

त्याच दुपारी मल्लाप्पा आला,
अकराशे रुपये रुमालात बांधून.
जेवल्याशिवाय कसं पाठवायचं?
चटणी बोटानं चाटली, परत मागितली,
भाकरीच्या पापुद्र्यात भरून खाल्ली.
"वैनी, कुठला हो टोमॅटो हा?
आमच्याकडं नाही येत असला."

हे माझ्याकडं बघायला लागले.
मी तव्यावरची भाकरी उलटली.