मारे

उलानबातर. बाहेर उणे एकतीस.
वर्गात कोट कुणीच काढत नाही.
ग्रासा बाई फळ्यावर पोर्तुगीज शब्द लिहितात: मारे.
म्हणजे समुद्राचं येणं, मग जाणं.
"जातो कुठे?" सोलोंगो विचारते.
तिनं पाणी पाहिलंय ते बहुतेक
कुऱ्हाडीनं फोडून बादलीत आणलेलं.

बाई हात पुढे नेतात, मागे घेतात,
पुन्हा पुढे. खडू पडतो.
"मेंढरं," मागून तेमूलेन म्हणतो,
"सकाळी कुरणात, सांजेला कुंपणात."
बाई हसत नाहीत.
"जवळपास," म्हणतात.

मग कॅलेंडरातल्या घोड्याकडे बोट करतात:
"हा तपकिरी, ना?"
सात जण. चार रंग. भांडण.
बाई आमचे शब्द वहीत उतरवतात, चुकीचे,
आणि वही पुढे सरकवतात.

लाल पेन कुणाकडेच नाही.
त्या आपलं देतात.