कूलरची खिडकी

तेरा एप्रिलपर्यंत खोली सोडा, असं
वंजारीबाईंनी सांगितलं तेव्हा होळी व्हायची होती.
मुलाचं लग्न ठरलंय म्हणाल्या. ठरलं नव्हतं अजून,
पण पाहुण्यांना दाखवायला वरची खोली रिकामी हवी.

मी मानेवाड्यापासून सुरुवात केली.
पगार चौदा हजार. आईच्या गोळ्यांचे भिवापूरला पाठवून
साडेचारच्या वर एक रुपया नाही, असं
गाडीच्या आरशात बघून स्वतःला बजावलेलं.

मानेवाड्यात आठ. बेशात नऊ, लिफ्टचे वेगळे,
लिफ्ट अजून बसायची होती.
हुडकेश्वरच्या पुढे डांबर संपतं, ले-आउट सुरू होतात,
एकाच देवाच्या नावाचे तीन,
आणि मधेच तुरीची खुंटं उभी,
प्लॉट विकला गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नसल्यासारखी.

प्रश्न सगळीकडे त्याच क्रमाने येतात.
एकट्याच का? मिस्टर कुठे असतात?
आडनाव काय म्हणाल्या? आणि मेंढे ऐकून,
पंख्याकडे पाहत, कोन्ते मेंढे?
मटण-बिटण? पाहुणे?
ड्यूटीवरून यायला रात्र तर नाही ना होत?
माझा प्रश्न एकच:
कूलर कुठे बसेल?

त्यावर लोक हसतात. नागपुरात राहून हसतात.
मे महिन्यात जिला कूलरची खिडकी नाही
ती खोली नाही, पापड वाळवायची जागा आहे.

सातव्या दारी ढोमणे. पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड,
बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले.
मी ओळखलं.
गेल्या मंगळवारी, उपाशीपोटी, डावा हात,
शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं.
साखर तीनशे बारा.
मला मास्क होता, त्यांनी ओळखायचं कारण नव्हतं.

काकूंनी चहा आणला.
त्या पंखा वाढवायला वळल्या तेवढ्यात ढोमण्यांनी
बिस्किटाच्या डब्यामागून साखर घेतली. दोन चमचे.
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.
एकादशी. प्रदोष. सिलिंडर लावला.

वर स्लॅब, टिन नाही. उत्तरेला खिडकी,
खाली लोखंडी स्टँड, मागच्या भाडेकरूचा,
गंजलेला, पण डुगडुगत नाही.
वीत लावून मोजलं. साडेतीन. बसतो.

साडेपाच, ढोमणे म्हणाले. नळ एक दिवसाआड.
मी गप्प. मला घासाघीस जमत नाही,
गप्प राहिले की लोकांना राग आला वाटतो.

जिन्यात ते थांबले. खाली भांड्यांचा आवाज.
‘बाई, तुमचा हात हलका आहे,’ म्हणाले.
मग पायरीकडे बघत, ‘साडेचार द्या.
पण तो आकडा... खाली नका बोलू जी.
ते उगाच रडत राह्यते.’

दोनदा टोचलं होतं मी. हलका कुठला.

महिन्याचे हजार, वर्षाचे बारा.
गप्प तर मी फुकटच राहिले असते,
कामच तसलं, लिफाफा बंद करायचा
आणि ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचा.

अकराला सामान आणलं. कूलर दोघांनी चढवला,
एका बाजूने ते, एका बाजूने मी,
मधे दोनदा टेकवला. त्यांना फार दम लागला.

संध्याकाळी काकू शिऱ्याची वाटी घेऊन वर आल्या,
नवं बिऱ्हाड, तोंड गोड करा म्हणून.
‘यांनीही मागून घेतला,’ म्हणाल्या, ‘आज भूक चांगली आहे.’

मी ताट्यांवर पाणी सोडत होते. खसाचा वास सुटला.
बटण दाबलं, मोटर एकदम घरघरली,
आणि मी काही बोलले असते
तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.